यजमान शहरं, पाहुणी गावं

1972 चं ऑलिंपिक म्युनिकला झालं. त्याच वर्षी, त्याच देशात, पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. ते मात्र म्युनिकच्या तलावात मिळालं नाही, हायडेलबर्गला मिळालं. सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातलं पेठ पुणे-बंगळूर महामार्गावर आहे, पेठ नाका ठाऊक नाही असा एसटीचा प्रवासी या भागात सापडणार नाही. पेठचा हा जवान 1965 च्या युद्धात सियालकोटच्या आघाडीवर गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला होता. सात वर्षांनी तो 37.33 सेकंदांत पोहून पहिला आला.

हायडेलबर्ग का, याचं उत्तर घरांच्या व्यवहारात आहे. म्युनिकनं खेळाडूंसाठी उभारलेलं ऑलिंपिक गाव स्पर्धा आटोपताच सदनिका म्हणून लोकांच्या ताब्यात जायचं होतं. व्हीलचेअरवरच्या खेळाडूंची स्पर्धा त्यानंतर तिथं भरवायची तर ताबा लांबणार होता. म्हणून पॅरालिंपिक दुसऱ्या गावी गेलं आणि म्युनिकचं उद्घाटन व्हायच्या आधीच, 2 ते 11 ऑगस्टला, उरकलंसुद्धा. चार वर्षांपूर्वीही तेच झालं होतं. 1968 चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीत होतं, पण पॅरालिंपिक भरवायला त्या शहरानं नकार दिला आणि इस्रायलनं ते तेल अवीवला घेतलं. त्या स्पर्धेत पेटकर टेबल टेनिस खेळले होते. दोन्ही वेळा ऑलिंपिक शहरानं दार लावलेलं, दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणीतरी पाट मांडलेला.

आता सांगली जिल्ह्यातलंच दुसरं गाव घ्या, आटपाडी तालुक्यातलं करगणी. 4 सप्टेंबर 2024 ला तिथल्या सचिन खिलारीनं पॅरिस पॅरालिंपिकमध्ये, स्टाद द फ्रान्सच्या मैदानात, गोळाफेकीत 16.32 मीटरवर रौप्य मिळवलं. सुवर्ण जिंकणारा कॅनडाचा ग्रेग स्टुअर्ट अवघे सहा सेंटिमीटर पुढे होता. महिनाभरापूर्वी ऑलिंपिकचे धावपटू ज्या मैदानात धावले, त्याच मैदानात सचिन उभा होता. पेठ आणि करगणी यांच्यामध्ये बावन्न वर्षं आणि एक कलम आहे. 1988 मध्ये सोलनं प्रथमच दोन्ही स्पर्धा त्याच मैदानांवर घेतल्या. पुढे 2001 मध्ये ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक समित्यांत करार झाला, आणि ज्या शहराला ऑलिंपिक हवं त्यानं पॅरालिंपिकही भरवलंच पाहिजे असं ठरलं. दिव्यांग खेळाडूला मुख्य मैदानाचं दार कायमचं उघडलं ते या करारानं. शहराच्या मर्जीवर ते राहिलं असतं तर अजून कुणी तरी सदनिकांचं कारण पुढे केलं असतं.

यजमान शहरांचा इतिहास आपल्याकडे स्टेडियम, उड्डाणपूल आणि कर्ज यांच्या भाषेत सांगितला जातो. मॉन्ट्रियलला 1976 च्या ऑलिंपिकचं कर्ज फेडायला 2006 उजाडलं. 1984 साठी लॉस एंजेलिसखेरीज कुणी पुढेच आलं नाही, आणि त्या शहरानं बहुतांशी जुन्याच मैदानांवर स्पर्धा घेऊन नफा मिळवला. बार्सिलोनानं समुद्रकिनारा मोकळा करून घेतला. हे सगळं खरं आहे आणि वाचायलाही मिळतं. मला हा इतिहास पाहुण्यांच्या बाजूनं सांगावासा वाटतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी अशी एकही स्पर्धा भरवलेली नाही, पण इथली गावं शंभर वर्षांत जगभरच्या यजमानांच्या पंक्तीला बसून आली आहेत. यजमान कसा आहे, हे त्यांनी अंगावर अनुभवलं आहे.

आणि यजमानपण म्हणजे काय हे या भागाला शिकवावं लागत नाही. जत्रेचं कुस्ती मैदान भरवणारं गाव इथं पावलापावलावर आहे. पलूस तालुक्यातल्या कुंडलच्या मैदानाला तर महाराष्ट्राबाहेरचे मल्ल येतात. वर्गणी गोळा होते, हौद्यातली लाल माती ताक, तेल, हळद घालून मळली जाते, पंच कमिटी जोड ठरवते. सकाळपासून हलगी कडाडत असते. लहान पोरांच्या बत्ताशाच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि दिवस कलताना पहिल्या नंबरची निकाली कुस्ती लागते. बाहेरचा कितीही मोठा पैलवान येवो, गावच्या तालमीतल्या पोरांच्या कुस्त्या आधी लागतात. पाहुणा पैलवान कुणाकडे उतरणार, त्याच्या दुधाची सोय कोण बघणार, हे आधीच ठरलेलं असतं. इनाम हौद्यातच, लोकांसमोर हातावर ठेवलं जातं. मैदान नामांकित झालं तर त्याचा लाभ गावच्या तालमीला होतो, आणि झाला नाही तर पुढच्या वर्षी वर्गणी मागायला आलेल्या कमिटीला लोक तोंडावर विचारतात. हा हिशोब मनात ठेवूनच मी पुढचं लिहितो आहे.

1920 चं अँटवर्प हे युद्धात पोळलेलं शहर होतं. बेल्जियमनं सोसलेल्या हालांची कदर म्हणून त्याला ऑलिंपिक दिलं गेलं. भारताचा पहिला संघ तिथं गेला, आणि त्याची जुळवाजुळव पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर सर दोराबजी टाटांच्या पुढाकारानं झाली. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. रणधीर शिंदेस कुस्तीत चौथे आले, पदक एका पायरीवर राहिलं.

त्यानंतरचं नाव खाशाबा जाधवांचं. कराडजवळच्या गोळेश्वरला 15 जानेवारी 1926 ला त्यांचा जन्म झाला, शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1948 ला ते लंडनला गेले. लंडनकडे तेव्हा पैसा नव्हता आणि धान्यावर रेशन होतं. एकही नवं स्टेडियम न बांधता, खेळाडूंना लष्करी छावण्यांत आणि कॉलेजांत उतरवून त्या शहरानं स्पर्धा पार पाडली. खाशाबांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मातीत वाढलेला हा मल्ल तिथं मॅटवर उतरला, आंतरराष्ट्रीय नियमांनी लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकी. या शहराची कथा सांगलीकरांनी तरी आवर्जून वाचावी. 1940 चं ऑलिंपिक आधी टोकियोला मिळालं होतं. चीनशी युद्ध पेटल्यावर जपाननं ते सोडलं, आणि ते हेलसिंकीकडे आलं. 1938 मध्ये स्टेडियम तयार झालं. त्याचा मनोरा 72.71 मीटर उंच आहे, कारण फिनलंडच्या मात्ती यार्विनेननं 1932 च्या ऑलिंपिकमध्ये भाला तेवढाच लांब फेकून सुवर्ण जिंकलं होतं. मग महायुद्ध आलं, स्पर्धा रद्द झाली, स्टेडियम तसंच उभं राहिलं. 1952 ला पाहुणे अखेर आले तेव्हा फिनलंड सोव्हिएत संघाला युद्धाची भरपाई देत होता आणि तिचे शेवटचे हप्ते फिटत आले होते. त्यावेळी हेलसिंकीची लोकसंख्या चार लाखांच्या आत होती. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांवर आहे. आजच्या सांगलीहून लहान शहरानं 69 देशांच्या सुमारे पाच हजार खेळाडूंना बोलावून जेवू घातलं. खेळाडूंसाठी 1940 च्या तयारीत बांधलेल्या वस्तीत लोक आधीच राहायला गेले होते, म्हणून शेजारी दुसरी वस्ती बांधली आणि स्पर्धेनंतर तीही राहायला दिली. कुस्तीसाठी वेगळं स्टेडियम नव्हतं. प्रदर्शनाचं सभागृह होतं, मेस्सुहाल्ली, तिथंच बॉक्सिंग, जिम्नॅस्टिक्स आणि वेटलिफ्टिंगही झालं.

यजमान इतका काटकसरी आणि पाहुण्याची परिस्थिती त्याहून बेताची. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. बाकीसाठी खाशाबा गावोगाव फिरले, लोकांनी जमेल तसं दिलं. म्हणजे ज्या रीतीनं जत्रेचं मैदान भरतं त्याच रीतीनं, वर्गणी काढून, हा मल्ल ऑलिंपिकला गेला.

मेस्सुहाल्लीत त्यांनी बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीईबरोबरची कुस्ती फार लांबली आणि ती ते हरले. इशीईच पुढे सुवर्ण घेऊन गेला. त्यानंतर लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्ह समोर उभा राहिला. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता, असं कराडकडे आजही सांगतात. दमलेल्या अंगानं लढून ते हरले आणि कांस्य पदरात पडलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. यानंतरचं वैयक्तिक पदक 1996 ला अटलांटात आलं. महाराष्ट्राला दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी 2024 पर्यंत, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेपर्यंत, थांबावं लागलं. त्यानं पॅरिस ऑलिंपिकचं पदक घेतलं तेही पॅरिसमध्ये नव्हे, तिथून अडीचशे किलोमीटरवरच्या शातोरूच्या नेमबाजी केंद्रात.

खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पाव तासाच्या वाटेला सात तास लागले म्हणतात. मिरवणूक संपल्यावर त्यांनी काय केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यात स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसानं घरी येऊन यजमान व्हायचं आणि कर्ज फेडायचं, याचं दुसरं उदाहरण ऑलिंपिकच्या इतिहासात मला तरी ठाऊक नाही.

दहा वर्षांनी जाकार्ता. 1962 च्या आशियाई स्पर्धेसाठी सुकार्नोंनी सोव्हिएत कर्जातून सेनायान भागात लाखभर प्रेक्षकांचं स्टेडियम उभं केलं. तिथल्या रहिवाशांना उठवून शहराच्या दुसऱ्या भागात बसवलं. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपत आंदळकर आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने हे दोघे त्या स्पर्धेत होते. आंदळकरांनी ग्रीको-रोमनच्या सर्वांत वजनदार गटात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकलं. मान्यांनी त्याखालच्या गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य आणलं. सांगली जिल्ह्यातल्या दोन मल्लांनी एका स्पर्धेत चार पदकं! त्याच वेळी इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसा नाकारला होता. आशियाई स्पर्धेची कल्पना ज्यांनी दिल्लीत 1951 ला प्रत्यक्षात आणली ते गुरुदत्त सोंधी या अन्यायाविरुद्ध बोलले. त्यावर 3 सप्टेंबरला जमावानं भारतीय वकिलातीवर हल्ला केला, आणि दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी भारताची हुर्यो उडवली. तरी भारतानं दक्षिण कोरियाला 2-1 नं हरवलं. सोंधी बोलले ते योग्यच बोलले असं माझं मत आहे. पाहुण्यांची यादी यजमानानं आपल्या राजकारणाप्रमाणे कापायची, हे पंगतीच्या कुठल्याही नियमात बसत नाही.

दिल्लीनं 1982 ला पुन्हा आशियाई स्पर्धा घेतली. उड्डाणपूल झाले, रंगीत दूरदर्शन आलं. मशाल घेऊन धावणाऱ्यांत खाशाबांना मान मिळाला. दोन वर्षांनी, 14 ऑगस्ट 1984 ला, ते रस्त्यावरच्या अपघातात गेले. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत इंदिरा गांधी क्रीडा संकुलात कुस्तीचं नवं सभागृह उभं राहिलं आणि त्याला खाशाबांचं नाव दिलं. ते स्पर्धेआधी पुरं झालं, कारण स्पर्धेची तारीख ठरलेली होती. इकडे गोळेश्वरला त्यांच्या नावानं कुस्ती अकादमी व्हायची होती. घोषणा झाली, काम रखडलं, आणि 2017 मध्ये त्यांच्या कुटुंबीयांना हेलसिंकीचं पदक लिलावात काढण्याची तयारी जाहीर करावी लागली. एकाच माणसाच्या नावाच्या या दोन इमारती. एकीला आंतरराष्ट्रीय तारीख होती, दुसरीला नव्हती. यजमानपणाचं सगळं बळ मला या तारखेत दिसतं. पैसा नंतर येतो, मंजुरी नंतर येते, आधी तारीख येते आणि तिच्या धाकानं फायली हलतात.

महाराष्ट्राच्या वाट्यालाही अशा तारखा आल्या. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडानगर बांधलं गेलं, आणि 2008 च्या ऑक्टोबरात तिथं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. त्यात सत्तरहून अधिक देशांचे संघ उतरले. बालेवाडीचा लाभ साताऱ्याच्या मुलांना झाला, यात शंका नाही. पण सातारा सोडून तीन तास प्रवास करण्याची ऐपत ज्या घराला आहे, त्याच घराला तो झाला.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आणि फलटण तालुक्यातल्या सरडेचा प्रवीण जाधव ही दोघं या प्रवासाची माणसं. ललितानं 2016 ला रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी एखादी भारतीय स्त्री ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत धावली. ज्या रिओत ती धावली त्या राज्यानं स्पर्धेच्या तोंडावर आर्थिक आपत्ती जाहीर केली होती, आणि पुढच्याच वर्षी माराकाना स्टेडियमची वीज तोडली गेली. प्रवीण टोकियोत तिरंदाजी खेळला तो युमेनोशिमाच्या मैदानात. शहराचा कचरा टाकून समुद्रात भर घातलेलं हे बेट आहे. 2021 ला, साथीच्या काळात, तिथं एकही प्रेक्षक नव्हता.

पाहुण्या गावावर दूरवरच्या निर्णयाचा वार किती थेट होतो, हे पाहायचं तर 2013 आठवा. त्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं कुस्तीला ऑलिंपिकच्या कायम खेळांतून वगळण्याची शिफारस केली. हेलसिंकीतलं पदक ज्या खेळानं दिलं तोच खेळ यादीतून जाणार होता. सप्टेंबरात ब्यूनस आयर्सला समितीचं अधिवेशन भरलं. 7 तारखेला तिनं 2020 साठी टोकियो निवडलं आणि 8 तारखेला कुस्ती परत घेतली. उलट निर्णय लागला असता तर कृष्णाकाठच्या किती वस्तादांनी पोरांना काय सांगितलं असतं, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

राष्ट्रकुल स्पर्धेत हा धोका टळलेला नाही. 2022 चं यजमानपद डर्बनला मिळालं होतं. पैशाची सोय होईना म्हणून 2017 मध्ये ते काढून घेतलं आणि बर्मिंगहॅमला दिलं. तिथं 30 जुलैला सांगलीच्या संकेत सरगरनं 55 किलो गटात एकूण 248 किलो वजन उचललं, कोपर दुखावलं तरी सोडलं नाही. एका किलोनं सुवर्ण हुकलं. त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक पानपट्टीवाल्या बापाच्या पोरानं आणलं. पुढची, 2026 ची, स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं अंगावर घेऊन मध्येच सोडली. ग्लासगोनं ती घेतली, पण दहाच खेळ ठेवून. वेटलिफ्टिंग वाचलं, कुस्तीला जागा मिळाली नाही. हॉकी, बॅडमिंटन, नेमबाजीलाही मिळाली नाही. ग्लासगोला मी दोष देत नाही, पडलेलं ओझं त्या शहरानं उचललं. पण डर्बन, व्हिक्टोरिया, ग्लासगो या तीन नावांच्या उलथापालथीत कवठेपिरानच्या तालमीचं एक दार बंद झालं, आणि तालमीला कुणी विचारलं नाही.

उलटंही घडतं. साताऱ्याच्या अदिती स्वामीनं 2023 मध्ये, सतरा वर्षांची असताना, बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य घेतलं. पण कंपाउंड धनुष्य ऑलिंपिकमध्ये नव्हतंच. 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या 2028 च्या कार्यक्रमात कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा घालण्यात आली. साताऱ्याच्या मैदानावर बाण मारणाऱ्या मुलींना आता गाठण्यासारखं ठिकाण आहे.

आता आपणच यजमान होणार आहोत. 26 नोव्हेंबर 2025 ला ग्लासगोच्या सभेत 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्यावर शिक्कामोर्तब झालं. 1930 ला हॅमिल्टनमध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेला तेव्हा शंभर वर्षं होतील. 2036 च्या ऑलिंपिकसाठीही भारतानं इच्छा कळवली आहे. मला याचा आनंद आहे, आणि तो मी आडपडदा न ठेवता सांगतो. जिथल्या पोरांनी इतक्या परक्या शहरांत जाऊन नाव काढलं, त्यांना घरच्या लोकांसमोर खेळायला मिळावं, यात गैर काय आहे?

फक्त तारखेचा लाभ एका शहरात अडकू नये. स्पर्धा म्हटली की कामांची एक यादी होते, प्रत्येक कामासमोर तारीख पडते. त्या यादीत अहमदाबादच्या स्टेडियमबरोबर महाराष्ट्रातल्या तालुक्यांची कामंही तारखेनिशी यावीत. गोळेश्वरची अकादमी, आटपाडीत फेकीच्या खेळांसाठी धड वर्तुळं आणि पक्का सराव, माणमध्ये पाण्याच्या अडथळ्यासह धावपट्टी, गावोगावच्या तालमींत मॅट आणि जिल्ह्याच्या ठिकाणी खेळाडूंसाठी चांगला फिजिओथेरपिस्ट. यातली कुठलीही गोष्ट एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढे नगण्य आहे. मागणीही नवी नाही. पेटकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी 2025 मध्ये, हायडेलबर्गनंतर बावन्न वर्षांनी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. खाशाबांना तो मरणोत्तर मिळाला. कामांनाही तेवढाच उशीर झाला तर 2036 चा जो मल्ल आज पाचवी-सहावीत आहे त्याला काही उपयोग नाही.

वाचकांपैकी जे ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत, जिल्हा क्रीडा समितीत किंवा एखाद्या तालमीच्या कमिटीवर आहेत त्यांना माझी विनंती आहे. आपल्या तालुक्याचं एक काम ठरवा, त्याची किंमत काढा आणि 2030 च्या आधीची तारीख घालून ते आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी द्या. मैदानाच्या कमिटीला आपण जसं तोंडावर विचारतो, तसंच दरवर्षी त्यांना विचारत राहा.